मी फक्त देवाला सांगितलं होतं

हे लिहायला बसण्याआधी मी एका बाईची परवानगी घेतली. या गोष्टीत ती एकोणीस-वीसची आहे; आता आजी झाली आहे, गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करत असते. फोनवर म्हणाली, "लिहा नं बाई, आता कोण कोणाले भिते? पण नाव नोका टाकू." नाव मी कोणाचंच टाकत नाही, माझंही नाही. पण विचारून लिहायची ही अक्कल मला उपजत नव्हती. ती कशी आली, तेच सांगायचं आहे.

मी उपदेशकाची मुलगी. वडील सायकलवरून खेड्यापाड्यांत फिरून शुभवर्तमान सांगायचे, आणि घरी आले की आमची झडती घ्यायचे. आज खोटं बोललीस का, कोणाचं मन दुखवलंस का. दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर रोज हो असायचं, कारण मी जन्माची फटकळ. पहिल्या प्रश्नाला मात्र मी छाती पुढे काढून नाही म्हणायची. खोटं बोलायचं नाही, ही एक गोष्ट मला जमत होती आणि तिचा मला भारी गर्व होता. गर्व हेही पापच, हे शास्त्रात लिहिलेलं होतं, पण ते मी दुसऱ्यांना उद्देशून वाचायची.

दुसरा गर्व प्रार्थनेचा. बारा वर्षांची असताना मी मंडळीपुढे उभी राहून पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली, आणि दोन म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. तिथून मला चटक लागली. खरं सांगते, चटकच. पुढे लग्न होऊन नागपूरला आले, तर इथल्या मंडळीतही आठ-दहा महिन्यांत माझं नाव झालं. कोणाच्या घरी आजारपण असो, परीक्षा असो, बाळंतपण असो, बाया म्हणायच्या, "तुम्ही करा प्रार्थना, तुमच्या तोंडून छान वाटते." मीही आढेवेढे न घेता डोळे मिटायची.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा, मी सकाळच्या शाळेत शिकवायची. प्रतापनगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तेव्हा तिथे आजच्यासारखी गर्दी नव्हती. दोन घरं झाली की एक रिकामा प्लॉट, त्यात बेशरमाची झुडपं आणि कोणाची तरी म्हैस. घरमालक शेतकरी, गावी वावरातच असायचे, महिन्यातून एखाद्या वेळी यायचे. इथे असायच्या त्या घरमालकीणकाकू आणि त्यांची मुलगी. मुलगी एकोणीस-वीसची, सडपातळ, कमी बोलणारी, शिवणाच्या क्लासला जायची.

काकू हिंदू, व्रतवैकल्यं करणाऱ्या. आम्ही ख्रिस्ती. सुरुवातीला त्या आमच्याकडचं पाणीसुद्धा जपून प्यायच्या. मग एकदा गोधड्या वाळत घालताना माझ्या हातून त्यांची तुळशीची कुंडी फुटली. काकू अंगणात उभ्या राहून मांजराला शिव्या देत होत्या, आणि मांजर बिचारं भिंतीवर बसून ऐकत होतं. मी जाऊन म्हटलं, काकू, मांजर नव्हे, मी. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या दिवसापासून गल्लीत सांगायच्या, "मास्तरीणबाई खोटं बोलत नाई. मांजरावर ढकलता येत होतं, तरी नाई ढकललं." मग वाटीतून भाजी येऊ लागली, दिवाळीला अनारसे येऊ लागले, आणि आमच्या नाताळच्या करंज्या त्यांच्या देवघरासमोर बसून खाल्ल्या जाऊ लागल्या.

मुलीचं लग्न ठरलं. नवरदेव खापरखेड्याच्या वीजघरात नोकरीला, वडीलही तिथेच, वसाहतीत क्वार्टर. साक्षगंध झालं, साड्या आल्या. आणि एका मंगळवारी दुपारी काकू माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून पाटावर बसल्या.

"बाई, पोटात ठेवून ठेवून माहा जीव घाबरून राहिला," त्या म्हणाल्या. "पोरगी मागच्या साली मामाकडे गेली म्हणून सांगतलं मी, पण ते खोटं होतं. तिले टीबी झाला होता, दवाखान्यात होती. लहानसा डाग होता. सुया घेतल्या, गोळ्या घेतल्या. डाक्टर म्हणते बरी झाली. पण परवाले छातीचा शेवटचा फोटो काढाचा आहे. त्यात काही निघालं तर?"

आज टीबी म्हटलं तर माणूस औषधाचं विचारतो. तेव्हा तसं नव्हतं. घरात टीबी होता हे कळलं तर त्या घरची भांडी वेगळी ठेवायचे लोक, आणि मुलीच्या लग्नाचं नाव काढायची सोय राहायची नाही. काकूंनी माझा हात धरला.

"तुमच्या देवाले सांगा नं जरा. तुमचं तो ऐकते. पण माणसाले नोका सांगू. माही जाऊबाई सोडून कोणाले मालूम नाई."

मी म्हटलं, काकू, माझ्या तोंडाला कुलूप. आणि मी ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. दर बुधवारी दुपारी आमच्या मंडळीतल्या बायांची सभा भरायची, पाळीपाळीनं एकेकीच्या घरी. गीतं, शास्त्रपाठ, मग विनंत्या आणि प्रार्थना, मग चहा-चिवडा. त्या दिवशी सतरंजीवर आम्ही बारा-तेरा जणी. माझी वेळ आली. डोळे मिटले आणि सुरू झाले.

काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. म्हटलं, हे दयाळू पित्या, आमच्या घरमालकिणीच्या लेकरावर नजर टाक. क्षयानं तिच्या फुप्फुसाची चाळणी झाली आहे, ते एकेक छिद्र तू आपल्या बोटानं बुजव. प्रभू, खापरखेड्याला तिचं लग्न ठरलं आहे, उद्या तिच्या छातीचा फोटो निघायचा आहे, त्या काचेमागे तू उभा राहा. एवढं म्हणेपर्यंत दोघी-तिघी हुंदके देत होत्या. आमेन म्हटलं तेव्हा मीही पदरानं डोळे टिपले, आणि कुठेतरी आत, झक्क जमली, असंही वाटलं होतं.

मी नाव घेतलं नव्हतं. देवाला पत्त्याची गरज नसते, पण मी घर, गाव, सासर, आजार, सगळा पत्ता नीट दिला होता. आणि मी कोणाला काही सांगितलं, असं माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मी डोळे मिटून देवाशी बोलले होते. शेजारी बारा जणी उघड्या कानांनी बसल्या होत्या, त्यांची गणती मी माणसांत केलीच नाही. आमच्या लोकांतच होऊ शकते अशी चूक ही. दुसरीकडे बाई चहाडी करते तेव्हा तिला निदान ठाऊक असतं.

फोटो स्वच्छ आला. काकूंनी पेढे वाटले, कशाचे ते कोणाला न सांगता. मला दोन जास्त दिले.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी लग्न जमवणारे मध्यस्थ आले. आमच्या दोन घरांत एक विटेची भिंत होती, वर पत्रे एकच. सगळं ऐकू यायचं. मध्यस्थ म्हणाले, खापरखेड्याची मंडळी लग्न थांबवा म्हणतात. त्यांच्या कानावर आलं, पोरीला टीबी आहे. काकू काहीतरी बोलायला गेल्या, तर ते म्हणाले, "आता कायले लपवता? तिच्या फुप्फुसाची चाळणी झाली म्हणतात."

मी भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच राहिली. चाळणी हा शब्द माझा होता. डॉक्टरचा नव्हे, काकूंचा नव्हे, जगात त्या आजारासाठी तो शब्द त्या महिन्यात फक्त एकीनं वापरला होता, ती मी. एका लहानशा डागाची चाळणी मी केली होती, बायांना रडू यावं म्हणून.

कसं पोचलं तेही लगेच उमगलं. आमच्या सभेला खापरखेड्याच्या वसाहतीतली एक बाई पंधरवड्यातून एकदा बसनं यायची, त्या बुधवारीही ती होती. गरीब, भाविक बाई. तिच्या मनात काही वाईट असण्याची शक्यताच नव्हती. तिनं काय केलं असेल, ते मी शपथेवर सांगू शकले असते. वसाहतीत त्यांची चार घरांची प्रार्थना व्हायची, तिथे तिनं ही विनंती मांडली असेल, डोळे मिटून, मनापासून. पुढे विचारलं तेव्हा तसंच निघालं. तिच्या शेजारणीनं ऐकलं, आणि शेजारणीचं अंगण नवरदेवाच्या अंगणाला लागून. एका प्रार्थनेतून दुसऱ्या प्रार्थनेत जात जात माझं बोलणं बरोब्बर त्या दारात जाऊन पोचलं होतं.

मध्यस्थ गेले आणि काकू तडक उठल्या. माझ्याकडे नाही आल्या. त्या गेल्या चार घरं पलीकडे, जाऊबाईकडे. तिच्या आणि माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि माझ्यावर काकूंना शंकाच आली नाही. भर रस्त्यात त्यांनी तिला नको नको ते सुनावलं. जाऊबाई आपल्या पोरांच्या शपथा घेत होती, रडत होती, आणि काकू म्हणत होत्या, "माह्या पोरीचं वाटोळं करून तुले काय भेटलं वं?" मी दारामागे उभी राहून हे ऐकलं. बाहेर गेले नाही. मांजरासाठी गेले होते, त्या बाईसाठी नाही गेले.

नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. माझा नवरा फार बोलणारा नव्हता. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं शिशाच्या अक्षरांत उलटं जुळवून त्याला बोलायचा कंटाळा यायचा. तो हात धुवून पाटावर बसला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "जाऊबाई दुपारपासून जेवल्या नसतील." बस, एवढंच. मला असा राग आला त्याचा. म्हटलं, मग मी काय करू, खोली सोडू, शाळा सोडू, तोंड काळं करून कुठे जाऊ? तो म्हणाला, "मी कुठं काय म्हटलं?"

तीन दिवस मी गप्प राहिले. मनाशी हिशेब करायची की मी खोटं कुठे बोलले? कोणी विचारलंच नाही तर खोटं कसलं? असले वकिली मुद्दे मला सुचत होते आणि घास उतरत नव्हता.

रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्या मंडळीत भाकरीचं ताट बाकाबाकांतून फिरतं, एकानं घेऊन शेजाऱ्याला द्यायचं. ज्याचं कोणाशी वाकडं आहे त्यानं आधी ते सरळ करावं, मग हात पुढे करावा, हे वडिलांनी आम्हांला लहानपणीच सांगून ठेवलेलं. ताट माझ्याकडे आलं. मी ते धरलं, आणि काही न घेता पुढच्या बाईच्या हाती दिलं. पेलाही तसाच दिला. माझ्या बाकावरच्या बाया माना वळवून पाहायला लागल्या. एवढी छान प्रार्थना करणारी बाई, आणि तिनं प्रभुभोजन घेतलं नाही. लाजेनं माझे कान तापले. पण त्या तीन दिवसांत पहिल्यांदा मला थोडं हलकं वाटलं.

घरी आले, चपला तशाच, आधी जाऊबाईकडे गेले. तिला म्हटलं, माझ्यासोबत चला. तिला घेऊन काकूंच्या ओसरीवर गेले. काकू तांदूळ पाखडत होत्या. जाऊबाईला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि तोंड फिरवलं. मी उभ्या उभ्याच बोलले, बसायची हिंमत नव्हती. "काकू, यांनी नाही सांगितलं. मी सांगितलं. बायांच्या सभेत, प्रार्थनेत. चाळणी माझाच शब्द आहे."

काकूंना आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर मी बरोबरीनं रडले असते आणि जरा सुटले असते. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही? मी तुमच्यापाशी आली होती, बाई. साऱ्या गल्लीत मी तुमच्यापाशी आली होती."

ते मला अजून ऐकू येतं.

जाऊबाई रडायला लागली, काकूंनी तिला जवळ ओढलं. मग काकूंनी डोळे पुसले, आणि त्यांच्या डोक्यात जे आलं ते त्यांनी सांगितलं. "आता तुम्हीच जा खापरखेड्याले. म्हणा का ती प्रार्थना दुसऱ्या पोरीची होती. माही पोरगी कधी बिमारच नव्हती. तुम्ही म्हणाल तर मानतील ते. तुम्ही खोटं बोलत नाई, हे साऱ्याले ठाऊक आहे."

मी आयुष्यभर जपलेली एकुलती एक चांगली गोष्ट, आणि तिचा उपयोग आता हा होता. त्यांचं काही चुकत नव्हतं, हे मला कबूल करायलाच हवं. मोडलं मी होतं, जोडायचं मीच होतं, आणि एका वाक्यात जोडलं जात होतं. त्या पोरीच्या संसारापुढे माझा खरेपणा म्हणजे काय मोठं लागून गेला, असंही मला वाटलं. पण मग पुढे? ती सून म्हणून त्या घरात जाणार, जन्मभर घाबरत राहणार, साधा खोकला आला तरी तोंडावर उशी दाबणार. आणि ते सगळं माझ्या शब्दावर उभं.

"काकू, मी जाते," मी म्हटलं. "आजच जाते. त्यांच्या पाया पडते. पण हे मला बोलता नाही येणार."

"मग कायले जाता?" काकू म्हणाल्या. "माह्या पोरीचं भांडं फोडता येते, अन् खोटं तेवढं बोलता नाई येत. आनखी कोणता धरम आहे हा?" मग म्हणाल्या, "महिना भरला का खोल्या खाली करा."

मी ओसरीवरून उतरायला वळले.

तेवढ्यात आतून मुलगी आली. ती सगळं ऐकत होती, आणि तिच्या हातात तो मोठा पिवळा लिफाफा होता, छातीच्या फोटोचा. म्हणाली, "मी जातो बाईसंग."

काकू हबकल्या. लग्नाआधी पोरगी सासरच्या दारात? लोक काय म्हणतील?

"लोक म्हणूनच राहिले, आई. वरसभर मी मामाच्या गावी होती म्हणून सांगते तू. मले त्या गावची शाळा पुसली कोणी तर सांगता नाई येत. मले कंटाळा आला लपायचा." तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं चप्पल घातली आणि माझ्या पुढे निघाली. काकूंनी तिला अडवलं नाही. का नाही अडवलं, कोण जाणे. बहुतेक त्याही थकल्या होत्या.

बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो. मी तिला म्हटलं, मला माफ कर गं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चाळणी काहून म्हटलं, बाई? लहानसाच होता डाग." मी म्हटलं, ऐकायला बरं वाटावं म्हणून. ती हसली. रडली असती तर परवडलं असतं.

वसाहतीत पोचलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. ओळीनं सारखी क्वार्टरं, दोरीवरच्या कपड्यांवर राखेची बारीक भुकटी. नवरदेव आणि त्याचे वडील दोघंही ड्युटीवर, घरी एकटी त्याची आई. उंच, हडकुळी बाई. आम्हांला बघून ती दारातच उभी राहिली. बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

मी बोलले. कधी नव्हे ते थोडक्यात बोलले. म्हटलं, हिला टीबी झाला होता हे खरं आहे. लहान डाग होता, चाळणी मी लावलेली. औषध पूर्ण झालं, डाग गेला, हा फोटो. तुमच्यापासून लपवलं ते भीतीनं लपवलं. आणि ज्या बाईनं विश्वासानं मला सांगितलं, तिचा विश्वास मी मोडला. लग्नाचं तुम्ही ठरवाल ते ठरवा, पण जे काही ठरवाल ते खऱ्यावर ठरवा, एवढं सांगायला आले.

ती बाई माझ्याकडे बघतच नव्हती. ती मुलीकडे बघत होती.

"खोकला किती दिवस होता तुले?"

"अडीच महिने," मुलगी म्हणाली.

"ताप संध्याकाळच्यालेच येत होता का?"

"हाव. दिवे लागाच्या वक्ताले. सकाळी काहीच नाई."

"अन् घाम? अंगावरचा कपडा ओला होये का? जेवण जात होतं का?"

मुलगी एकेक सांगत गेली. मला आधी वाटलं, ही सरकारी वकिलासारखी उलटतपासणी करते आहे. मग माझ्या लक्षात आलं की ती पाठोपाठ विचारते आहे आणि उत्तर येण्याआधीच मान हलवते आहे. सुई कुठे देतात. दुखते का. गोळ्यांनी मळमळते का. दवाखान्यात नाव पुकारतात का मोठ्यानं. हे विचारता विचारता तिला खोकला आला. तिनं पदर तोंडावर दाबला आणि भिंतीला हात टेकला. खोकला थांबेना.

मुलीनं लिफाफा माझ्या हातात दिला, सरळ घरात गेली, माठातलं पाणी घेऊन आली आणि तिला खाली बसवलं. कोणी तिला आत ये म्हटलं नव्हतं.

खोकला थांबल्यावर त्या बाईनं आधी दार लोटून घेतलं. मग आम्हांला सांगितलं. तिला हेच सगळं होऊन तीन महिने झाले होते. घरात कोणाला ठाऊक नव्हतं, नवऱ्याला नाही, पोराला नाही. कोळशाच्या धुळीनं घसा बसतो म्हणून सांगायची. शेजारणीनं होणाऱ्या सुनेचं सांगितलं, तेव्हा तिला घाम फुटला. ही पोरगी घरात आली तर चार दिवसांत आपला आजार ओळखेल, म्हणून तिनंच हट्ट धरून लग्न थांबवलं होतं.

"मले वाटलं, पोराचं होऊन जाऊ दे कुठं तरी, मग मी मेली तरी चालते," ती म्हणाली.

माझ्या तोंडात प्रार्थना आली होती. अगदी ओठावर. मी ती तिथेच गिळली. कारण मुलगी बोलत होती, आणि ती जे बोलत होती त्यात माझ्या मध्ये बोलण्यानं काही भर पडणार नव्हती.

"मरत नाई त्यानं," ती म्हणत होती. "मी मेली का? नागपूरच्या टीबी दवाखान्यात नव्या लोकायचे फोटो सोमवारी काढतात. उद्याच सोमवार आहे. सकाळी लवकर या, उशीर झाला का रांग लागते. मी फाटकापाशी उभी राहतो. गोळ्या उपाशीपोटी नाई घ्याच्या, भाकर खाऊन घ्याच्या, मंग नाई मळमळत. अन् नाव मोठ्यानं नाई पुकारत. नंबर पुकारतात."

ती बाई तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "लग्नाचं मी काही म्हटलं नाई अजून."

"नोका म्हणू," मुलगी म्हणाली. "ते अलग आहे. लग्न होवो का न होवो, उद्या तुम्ही या."

मी त्या खोलीत लिफाफा धरून उभी होते. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, हे मी शेकडो वेळा शिकवलं आहे, पोरांकडून पाठ करून घेतलं आहे. ज्या बाईनं तिला नाकारलं होतं, तिलाच ही मुलगी औषध कशासोबत घ्यायचं ते सांगत होती. तिला आमचा देव ठाऊक नव्हता, शास्त्र ठाऊक नव्हतं. मला खूप लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. दोन्ही एकदम झालं.

उठताना त्या बाईनं माझा हात धरला. "बाई, हे कोणाले..." एवढं म्हणून ती थांबली, कारण ती कोणाला काय सांगते आहे हे तिच्या लक्षात आलं. मी तरी काय म्हणणार? कुलूप वगैरे मी काही बोलले नाही. फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी सुट्टी घेऊन दवाखान्यात गेले. मुलगी फाटकापाशी उभी होती, काकू तिच्या बाजूला. काकूंनी माझ्याकडे न बघता डब्यातली दशमी काढून माझ्या हातावर ठेवली, म्हणजे मी सकाळपासून काही खाल्लं नसेल हे त्यांनी ओळखलं होतं. रांग वाढत चालली. नऊ वाजले. सव्वानऊ. काकू म्हणाल्या, "नाई येत ती."

मग सायकलरिक्षा आली. आधी तो उतरला, नवरदेव. वीजघराचा खाकी गणवेश अंगावर तसाच, दुपारपाठोपाठ रात्रीचीही पाळी करून लगेच निघालेला, डोळे लाल. तो सकाळी घरी आला तेव्हा आईनं त्याला दारातच सांगितलं असावं. त्यानं आईला हात धरून उतरवलं. साक्षगंधानंतर ती दोघं आत्ता एकमेकांसमोर येत होती, आणि सगळ्या जगात भेटायला ही जागा. त्यानं तिच्याकडे बघितलं, आईचा हात तिच्या हातात दिला, आणि स्वतः जाऊन चिठ्ठीच्या रांगेत उभा राहिला.

मुलीनं तिला सावलीतल्या बाकावर नेऊन बसवलं. त्या बाईनं मध्येच मुलीच्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "वाळली किती वं तू. घरी आली का खाऊ घालतो तुले."

काकूंनी ते ऐकलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, आणि रांग पुढे सरकेपर्यंत सोडलं नाही.